अमर अय्यारची झोळी

'तिलिस्म' हा उर्दू शब्द तुमच्या ओळखीचा असेल. मराठीत त्याला नेमका शब्द सापडत नाही. 'मायानगरी' म्हटले तर थोडेफार जमते. जादूगारांनी मंत्रबळाने उभा केलेला देश म्हणजे तिलिस्म. अशाच एका देशाची कथा आहे 'तिलिस्म-ए-होशरुबा'. होशरुबा म्हणजे भान हरपून टाकणारा.

ही कथा 'दास्तान-ए-अमीर हमजा' या प्रचंड दास्तानीचा एक भाग आहे. अमीर हमजाच्या कथा शेकडो वर्षे दास्तानगो तोंडी सांगत आले. अकबर बादशहाने त्यांवर सुमारे १४०० चित्रे काढून घेतली होती. पुढे लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने त्या लिहवून घेतल्या. होशरुबाचे पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांनी लिहिले आणि उरलेले तीन अहमद हुसेन कमर यांनी. १८८३ साली सुरू झालेली छपाई १८९३ पर्यंत चालली. पाने किती? आठ हजारांच्या आसपास!

लका नावाचा एक राजा स्वतःला खुदा म्हणवतो. अमीर हमजा त्याचा पाठलाग करतो. लका पळत पळत होशरुबाच्या शेजारच्या मुलखात आश्रय घेतो आणि तेथून होशरुबाच्या बादशहाकडे, अफरासियाबकडे, मदतीची मागणी जाते. येथून लढाईला तोंड फुटते.

अफरासियाब म्हणजे जादूगारांचा शहेनशहा. त्याच्या राज्यात रक्ताची नदी वाहते आणि तिच्यावर धुराचा पूल आहे. त्याच्याजवळ सामरीचे पुस्तक आहे. ते उघडले की कोण कोठे आहे, काय करतो आहे, सारे कळते. सैन्य, खजिना, जादू, कशालाच तोटा नाही.

मग त्याच्यासमोर कोण उभे राहते? हमजाचा नातू असद तलवार घेऊन जातो खरा, पण लवकरच कैद होतो. खरा सामना करतो तो अमर अय्यार. अय्यार म्हणजे हेर, बहुरूपी आणि ठकसेन, तिन्ही एकाच माणसात. अमरला जादू येत नाही. तो कधी गवई होतो, कधी नोकर, कधी म्हातारी. गोड बोलून जादूगाराला बेशुद्धीचे औषध पाजतो आणि त्याचा काटा काढतो. जादूगार मेला की अंधार दाटतो, वादळ सुटते आणि मेलेल्याचे नाव घेऊन आकाशातून आक्रोश ऐकू येतो. अमर मात्र त्या गोंधळातही तेथील चीजवस्तू गोळा करत असतो! त्याच्या झंबील नावाच्या झोळीत काहीही मावते. स्वभावाने तो पक्का कंजूष आहे. भल्यांच्या बाजूचा हा सर्वांत उपयोगी माणूस काही साधुसंत नव्हे. म्हणूनच तो मला हमजापेक्षा अधिक आवडतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. अफरासियाबला खरा धक्का बसतो तो घरातूनच. महरुख ही त्याच्याच दरबारातील मोठी जादूगारीण. ती त्याची बाजू सोडते आणि बंडखोरांची प्रमुख होते. पुढे बहारही तिला येऊन मिळते. काल ज्या हातांनी जुलमी बादशहाची चाकरी केली, तेच हात आज त्याच्याविरुद्ध उठतात. या दास्तानीत माणूस एका बाजूला जन्मला म्हणून तेथेच राहिला पाहिजे, असे नाही.

तिलिस्म असदच्या हातून फुटणार, हे तिलिस्म उभारणाऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेले असते. अफरासियाबला हे ठाऊक असते. तरी तो शेवटपर्यंत लढतो. तो दुष्ट आहे, पण भित्रा नाही. वाचताना कधी कधी त्याची कीवही येते.

दिल्लीचे नामवंत दास्तानगो मीर बाकर अली १९२८ मध्ये वारले आणि त्यांच्यानंतर ही कला जवळजवळ बंद पडली. २००५ मध्ये महमूद फारुकी यांनी शम्सुर्रहमान फारुकी यांच्या मार्गदर्शनाखाली दिल्लीत ती पुन्हा सुरू केली. पडदे नाहीत, देखावे नाहीत. पांढरा अंगरखा घालून दोघे जण बसतात आणि नुसत्या आवाजाने रक्ताची नदी डोळ्यांसमोर उभी करतात.

तुम्हांला उर्दू येते, म्हणजे मूळ खंड तुमच्यासाठी खुले आहेत. लखनौची ती भाषा जड आहे. सुरुवातीची पाने कोश जवळ ठेवून, नेट लावून वाचावी लागतात. मग झोळी खांद्याला लावून अमर येतो आणि कोश बाजूला पडतो.