गोळ्या संपल्या, जळजळ मात्र राहिली

असुरक्षित संबंधानंतर काही दिवसांत लघवीला जळजळ सुरू होते, चड्डीवर पिवळसर डाग दिसतो. कोणी उन्हाळी लागली समजून सब्जाचं पाणी पितो, कोणी थेट मेडिकलमधून गोळ्या आणतो. डाग थांबतो, जळजळ रेंगाळते. मग आपण त्याच गोळ्या पुन्हा घेतो, आणि घोळ इथूनच वाढतो.

आधी दिवस मोजा. मूत्रमार्गदाह म्हणजे लघवीच्या नळीला आलेली सूज. जंतू मेल्यावरही ती लगेच ओसरत नाही. औषध संपल्यावर दोनेक आठवडे थोडी चुरचुर राहू शकते, पण ती कमी कमी होत जायला हवी. तसं होत नसेल किंवा स्राव परत आला असेल, तर पुढच्या पायरीवर या.

औषध नीट घेतलं होतं का? डॉक्सिसायक्लिन बहुधा १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ७ दिवस देतात. ती ॲसिडिटीच्या, कॅल्शियमच्या किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेतली तर अंगी कमी लागते. चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवणारेही पुष्कळ.

जोडीदाराचं काय? ‘तिला तर काहीच त्रास नाही’ हे उत्तर पुरेसं नाही. क्लॅमिडिया या जंतूची लागण झालेल्या बहुतेक स्त्रियांना लक्षणंच नसतात. दोघांनी औषध घ्यायचं आणि उपचारानंतर ७ दिवस संबंध टाळायचे. नाहीतर तोच जंतू फिरून परत येतो.

आता तपासणी. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. आपण साधं युरिन कल्चर करतो, रिपोर्टवर ‘नो ग्रोथ’ येतं आणि आपल्याला वाटतं, जंतू नाहीत. पण क्लॅमिडिया पेशींच्या आत राहतो, कल्चरच्या नेहमीच्या बशीत तो वाढतच नाही. शिवाय कल्चरला मधल्या धारेची लघवी घेतात. नळीतला ऐवज तर पहिल्या धारेबरोबरच वाहून गेलेला असतो.

म्हणून नमुना असा द्या: किमान तासभर, जमल्यास दोन तास लघवीला जाऊ नका. मग पहिली धार थेट डबीत घ्या. २० ते ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे, पुरे. बाकीची बाहेर सोडा. डबी भरून देण्याचा मोह आवरा, जंतू पातळ होतात. चिठ्ठीवर ‘पहिल्या धारेची लघवी’ असं लिहून घ्या.

या नमुन्यावर पीसीआर करतात, म्हणजे जंतूचं जनुकद्रव्य शोधतात. त्यात परमा अर्थात गोनोरिया, क्लॅमिडिया, ट्रायकोमोनास आणि मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम ही चारही नावं आहेत का, ते विचारा. शेवटचं नाव हमखास राहून जातं. या जंतूला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे त्या भित्तिकेवर घाव घालणारी पेनिसिलिनसारखी औषधं त्याच्यापुढे निरुपयोगी. ॲझिथ्रोमायसिनलाही तो अनेकदा दाद देत नाही. वेगळं औषध लागतं, ते डॉक्टरांनीच ठरवायचं. जंतू गेला का हे पाहायला फेरतपासणी करायची तर ३ ते ४ आठवडे थांबा. मेलेल्या जंतूंचे अवशेषही त्याआधी ‘पॉझिटिव्ह’ दाखवू शकतात.

सगळं निगेटिव्ह आलं, तरी दुखतंय? सूक्ष्मदर्शकाखाली पू-पेशीही दिसत नसतील, तर आणखी प्रतिजैविकांचा उपयोग नाही. दर तासाला बाथरूममध्ये जाऊन लिंग पिळून थेंब येतो का पाहिलं, तर त्यानेच नळी चुरचुरते. ही सवय आधी सोडा. बसल्यावर किंवा वीर्यपतनानंतर दुखत असेल आणि तीन महिने उलटले असतील, तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडलेले असू शकतात. त्यावर फिजिओथेरपीने फरक पडतो. धार बारीक झाली असेल तर नळी आकसली आहे का, हे मूत्ररोगतज्ज्ञाला पाहू द्या. रक्तातली साखर आणि मूतखडाही तपासून घ्या. भिंतीवर जाहिराती रंगवणारे ‘गुप्तरोगतज्ज्ञ’ यातलं काहीच करत नाहीत, धातू जातो म्हणून पुड्या देतात.

अंडकोश अचानक दुखला किंवा सुजला, थंडी-ताप आला, लघवी अडली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पीळ पडलेला अंडकोश काही तासांतच निकामी होऊ शकतो. गुडघा सुजून डोळे लाल झाले, तर तेही डॉक्टरांना सांगा. याच संसर्गानंतर तसं होऊ शकतं.

सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये उपचार मोफत असतात. एचआयव्ही आणि उपदंश यांचीही चाचणी करून घ्या, एचआयव्हीची तीन महिन्यांनी पुन्हा. नॅकोची, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची, हेल्पलाइन १०९७ नावगाव न विचारता माहिती देते. आणि डॉक्टरांकडे जाताना आधी घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं बरोबर न्या.