विद्येची साडी, मायेचा गाऊन

सिनेमा पाहून घरी आलं की आपण गाणी गुणगुणतो, संवाद म्हणून दाखवतो. नायिकेच्या साडीचीही चर्चा होते. पण ती साडी कुणी ठरवली, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे त्या बाईंनी सुमारे साठ वर्षं आपल्या पडद्याला वस्त्रं दिली. शंभराहून अधिक चित्रपट केले. भारताला पहिलं ऑस्कर आणून दिलं. त्या अस्सल कोल्हापूरच्या होत्या, हे मात्र पुष्कळ मराठी घरांना ठाऊक नसतं. भानू अथैया, माहेरच्या भानुमती अण्णासाहेब राजोपाध्ये.

त्यांचा जन्म २८ एप्रिल १९२९ चा. वडील चित्रकार. मुलगी लहान असतानाच ते गेले, पण तिच्या हाती ब्रश देऊन गेले. पुढे ही मुलगी मुंबईत आली, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकली, सुवर्णपदक मिळवलं. १९५३ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली, तेव्हा त्या पुरुषांच्या मेळ्यात ती एकटीच स्त्री होती. दरम्यान पोटापाण्यासाठी 'ईव्हज् वीकली'सारख्या नियतकालिकांत फॅशनची रेखाटनं काढणं सुरू होतं. त्या रेखाटनांतून कपडे शिवले जाऊ लागले आणि ते पाहून सिनेमातल्या नट्या दारात येऊ लागल्या. चित्रकार भानू राजोपाध्ये मागे राहिल्या, वेशभूषाकार भानू अथैया पुढे आल्या.

वेशभूषाकार नेमकं काय करतो? माझे वडील शिंपी होते. घाटकोपरच्या एका गाळ्यात त्यांचं मशीन होतं. ते म्हणायचे, ''कपडा अंगाला बसवणं हे हाताचं काम, माणसाला बसवणं हे डोक्याचं.'' सिनेमातला कपडा नट किंवा नटीला तर बसावा लागतोच, शिवाय तो पात्रालाही बसावा लागतो. 'श्री ४२०' (१९५५) आठवून पाहा. त्यात नर्गिसच्या पात्राचं नाव विद्या, नादिराच्या पात्राचं नाव माया. विद्या साध्या साडीत, आणि माया अंगाला चिकटून बसणाऱ्या झगमगत्या गाऊनमध्ये. नायक कोणत्या पेचात सापडला आहे, हे पहिला संवाद कानावर पडण्याआधीच डोळ्यांना कळतं. नादिराचा तो पेहराव भानुताईंचा. कवितेत नेमका शब्द पडला की विशेषणाची गरज उरत नाही, तसंच हे.

१९६५ च्या 'वक्त'मध्ये साधनाला त्यांनी घट्ट चुडीदार आणि अंगाबरोबर बसणारा कुर्ता दिला. तो पडद्यावरून थेट कॉलेजांच्या फाटकापर्यंत आला. आमच्या गाळ्यात मुली सिनेमाचं नाव सांगून माप द्यायच्या. १९६८ च्या 'ब्रह्मचारी'त मुमताजला शम्मी कपूरबरोबर बेभान नाचायचं होतं. नेसलेली साडी त्या नाचात टिकली नसती. म्हणून भानुताईंनी साडी शिवूनच टाकली. निऱ्या पक्क्या, बाजूला चेन. दिसायला साडी, वागायला झगा. आज लग्नसराईत 'रेडीमेड साडी' विकली जाते तेव्हा तिची ही थोरली बहीण मला आठवते.

पण भानुताईंना केवळ फॅशनच्या बाई म्हणणं अपुरं ठरेल. 'आम्रपाली' (१९६६) साठी त्यांनी अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रं अभ्यासली आणि वैजयंतीमालाचा पेहराव त्यातून उभा केला. आजही कुणाला प्राचीन नर्तकीचं सोंग घ्यायचं असलं, तर ड्रेसवाल्याकडे मागणी त्याच धाटणीच्या कपड्यांची होते. एका चित्रपटाने आपल्या मनातला एक काळच कसा रंगवून टाकला, पाहा.

त्यांची मोठी कसोटी लागली ती रिचर्ड अॅटनबरो यांच्या 'गांधी' (१९८२) चित्रपटात. त्यात मुख्य पात्राचा प्रवास कपड्यांतूनच होतो. १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत उतरलेला सुटाबुटातला बॅरिस्टर, १९१५ मध्ये परतलेला काठियावाडी पागोट्यातला माणूस, आणि सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत पंचा स्वीकारलेला महात्मा. इथे वस्त्र कमी होत जातं आणि माणूस मोठा होत जातो. वेशभूषाकाराला याहून अवघड काम कोणतं? दाखवायला कापडच उरत नाही. शिवाय भोवती हजारोंचा समुदाय, प्रत्येकाचा प्रांत, जात, पेशा पागोट्यावरून आणि धोतराच्या नेसणीवरून ओळखू यायला हवा. ब्रिटिश गणवेशांचे जाणकार जॉन मोलो यांच्याकडे गोऱ्यांची बाजू होती, भारतीय बाजू भानुताईंकडे. ११ एप्रिल १९८३ रोजी दोघांना मिळून ऑस्कर मिळालं.

नवा कपडा जुना करणं, हीदेखील एक विद्या आहे. नवं कोरं धोतर शेतकऱ्याला नेसवलं की कॅमेरा लगेच चुगली करतो. म्हणून कापड पुन:पुन्हा धुवायचं, चहाच्या पाण्यात बुडवायचं, कोपरापाशी आणि गुडघ्यापाशी घासायचं. 'लगान'मध्ये (२००१) १८९३ सालचं दुष्काळी गाव उभं राहिलं, त्यात कपड्यांचा वाटा मोठा होता. या चित्रपटासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याआधी 'लेकिन'साठीही मिळाला होता.

आता वारशाचं बोलू. २०१२ साली भानुताईंनी आपली ऑस्करची बाहुली अमेरिकेतल्या अकादमीकडे सांभाळायला परत पाठवली. रवींद्रनाथांचं नोबेल पदक २००४ मध्ये शांतिनिकेतनातून चोरीला गेलं, मग माझ्या बाहुलीची हमी कोण देणार, असा त्यांचा रास्त प्रश्न होता. पुष्कळांना ते लागलं. मला मात्र ते आपल्यालाच विचारलेलं वाटलं. सप्टेंबर २०१७ मध्ये चेंबूरच्या आर. के. स्टुडिओला आग लागली आणि जपून ठेवलेले कितीतरी पोशाख त्यात गेले. पुढे स्टुडिओची जागाही विकली गेली. आमच्या उपनगरांनी हिंदी सिनेमाला गोरेगाव, अंधेरी, चेंबूरची जमीन दिली. त्या सिनेमाचे कपडे सांभाळायला चार कपाटं मात्र आपल्याला जमली नाहीत. फिल्मची रिळं जपायची, हे आता कुठे आपल्या गळी उतरतं आहे. पण कापड रिळापेक्षाही लवकर मरतं. दमट हवा, कसर, उंदीर, आणि 'जुनं झालं, देऊन टाका' म्हणणारा माणूस.

कापडाबरोबर हातही विसरले जातात. रेखाटन भानुताईंचं, पण ते कापून शिवणारे मास्टर, अड्ड्यावर वाकून जरदोजीचा टाका घालणारे कारागीर, रंगारी, धोबी, यांची नावं श्रेयनामावलीत क्वचितच दिसली. कुर्ला, साकीनाका भागातल्या माळ्यांवर ते आजही मान खाली घालून बसलेले असतात. भानुताईंनी २०१० साली वेशभूषेच्या कलेवर पुस्तक लिहिलं, म्हणून त्यांचं काम निदान कागदावर राहिलं. कारागिरांचं कोण लिहिणार?

१५ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईत भानुताई गेल्या. त्यांच्या घरी बाहुली नव्हती, चित्रं आणि रेखाटनं होती. त्याच वर्षी त्यांची चित्रं लिलावात आली, आणि भानू राजोपाध्ये हे नाव पुन्हा वाचायला मिळालं. पेडर रोडला २०१९ पासून भारतीय चित्रपटांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. मुलांना घेऊन जरूर जा. तिथे कॅमेरे पाहा, पोस्टरं पाहा, आणि बाहेर पडताना एवढंच विचारा, ''कपडे कुठे ठेवलेत?'' दहा जणांनी विचारलं, तर कुणीतरी एखादं कपाट आणेलच.