अभ्यासक्रमातील पर्यावरण आणि गायरानाचा प्रश्न

प्राध्यापकाने चळवळीत पडावे काय, असे आपल्याकडे वारंवार विचारले जाते, आणि विचारणारा बहुधा उत्तर ठरवूनच आलेला असतो. बाबासाहेबांनी हा प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे. १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्या नोकरीत असतानाच, ३१ जानेवारी १९२० रोजी, ‘मूकनायक’ निघाला. १९३५ साली येवल्याची घोषणा केली तेव्हा ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. तेव्हा माझ्यापुढचा प्रश्न निराळा आहे: चळवळीने वर्गात काय आणावे?

मी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात शिकवतो. पदवीच्या मुलांचा पर्यावरणाचा सक्तीचा पेपर माझ्याकडे असतो. त्यात ओझोनचा थर आहे, वाघ आहे, शाश्वत विकास आहे. गायरान मात्र ‘अतिक्रमणाने झालेला कुरणांचा ऱ्हास’ म्हणून एका ओळीत उरकले जाते. माझ्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरची भाकरी त्या एका ओळीत आहे!

गायरान म्हणजे गावच्या गुरांसाठी राखलेली सरकारी जमीन. पण ज्याच्या दावणीला गुरेच नाहीत, त्याचा तिच्यात वाटा कोणता? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी सत्याग्रह केले ते पडीक जमिनीसाठी. कुसळे उगवणारा माळ आमच्या लोकांनी दगड वेचून, ताली घालून पिकता केला. १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. आता वहिवाट सिद्ध करायची कशी? दंडाची पावती, पंचनामा, गाव नमुना १-ई मधली नोंद. हे सारे तलाठ्याच्या दप्तरात, आणि ते दप्तर मागणार कोण?

या पेपरात क्षेत्रभेट असते. पुष्कळ ठिकाणी ती धबधब्यावर जाऊन आटोपतात. आम्ही गायरानावर जातो. मुले ताली मोजतात, पिके लिहितात, म्हाताऱ्यांच्या ट्रंकेतल्या पावत्या उतरवून घेतात, नकलेचे अर्ज करतात. बापाला झालेला दंड हाच आपला पुरावा, हे कळल्यावर एका मुलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

२०११ च्या जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यास सांगितले. भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींना शासकीय अधिसूचनेने दिलेल्या पट्ट्यांसाठी अपवादाची वाटही त्याच निकालात आहे. निकालाचा पहिला भाग सर्वांना पाठ. दुसरा वाचलेला माणूस क्वचित भेटतो. म्हणून मी तो मुळातून वाचायला लावतो.

चराईचा प्रश्न खोटा आहे असे मात्र नाही. सगळे रान नांगराखाली गेले तर मेंढ्या कोठे न्यायच्या, असे एका धनगराच्या मुलीने भर वर्गात विचारले. त्यावर दोन तास वाद झाला. शेवटी मुलांनीच नकाशा काढला: चढाची जमीन गवताला, खालची कसणाऱ्यांच्या नावे. ग्रामसभेत तो अजून मांडू दिलेला नाही. धनगरवाडा आणि आमची वस्ती मात्र तो घेऊन दोनदा एकत्र बसली आहे.