कान गोळा करतात, ऐकतो तो मेंदू

संध्याकाळी क्लास सुटले की भोपाळचं महाराणा प्रताप नगर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं एमपी नगर, आवाजांनी भरून जातं. हॉर्न, रिक्षावाल्यांचा पुकारा, चहाच्या टपरीवर रंगलेली उद्याच्या टेस्टची चर्चा. एवढ्या गलक्यात कुणी आपलं नाव घेतलं, तर मान आपोआप वळते. हे साधतं कसं?

खरं तर कानाच्या पडद्यावर हे आवाज वेगवेगळे येतच नाहीत. तिथे आदळतं ते हवेचं एकच सरमिसळ कंपन. मधल्या कानातली तीन चिमुकली हाडं ते आतल्या शंखाकृती नळीत नेतात. उंच स्वर तिच्या सुरुवातीला उमटतात, खालचे आतल्या टोकाशी. ऐकण्याचा मुख्य भार वाहणाऱ्या साधारण ३,५०० केशपेशी प्रत्येक कानात असतात. त्या कंपनांचे विद्युत संदेश करतात आणि कानाचं काम संपतं. त्यातला हॉर्न कुठला, हाक कुणाची, हे मेंदू ठरवतो.

एकाच क्षणी सुरू झालेले, एकाच लयीत चढणारे-उतरणारे स्वर तो एका उगमाचे धरतो. डावीकडचा आवाज उजव्या कानाला जेमतेम मिलिसेकंदाच्या अंशाने उशिरा पोचतो. तेवढ्यावरून तो दिशा ओळखतो. मग लक्ष कशाकडे द्यायचं, हे ठरतं. कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी भाषणं ऐकवली आणि एकच मोठ्याने म्हणायला लावलं. दुसऱ्या कानातलं भाषण कशाबद्दल होतं, हे त्यांना सांगता येईना. पण १९५९ मध्ये नेव्हिल मोरे यांना दिसलं, की त्याच दुर्लक्षित कानात स्वतःचं नाव आलं तर ते काही जणांना ऐकू जातं. म्हणजे वगळलेलं बोलणंही मेंदू चाळत असतोच.

डोळेही या कामात भाग घेतात. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड यांनी १९७६ मध्ये दाखवलं, की कानावर ‘बा’ पडत असताना समोरच्याचे ओठ ‘गा’ म्हणत असतील, तर बहुतेक मोठ्या माणसांना ‘दा’ ऐकू येतो. मेंदू दोन्ही साक्षी जुळवून निकाल देतो आणि आपण तो निकाल ऐकतो.

ही पारख मेंदूत घडते ती तान्ह्या वयात. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी १९८४ मध्ये इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. वर्षाची होता होता बहुतेकांचा तो हरवला. हिंदी घरांतल्या बाळांनी तो टिकवला. रोज जे कानी पडतं, त्याच्याच भेदांसाठी मेंदू तयार होतो. घरी मराठी ‘ळ’ आणि रस्त्यावर हिंदी ऐकणारं भोपाळचं बाळ दोन्हींची शिदोरी बांधतं.

पण ज्या बाळाला ऐकूच येत नाही, त्याच्या मेंदूला हा सराव मिळत नाही, आणि गेलेले महिने परत येत नाहीत. म्हणून श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, दोष असल्यास निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपचार सहाव्यापर्यंत, असा दंडक आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. “बोलेल हळूहळू” म्हणत थांबू नका. बाळाला घेऊन दवाखान्यातून निघण्याआधी कानांची तपासणी झाली का, हे नक्की विचारा.