मुलाचे बोलणे, घरची मराठी आणि हेगमधली शाळा

गणेशोत्सवात आरती झाल्यावर एका मैत्रिणीने मला बाजूला नेऊन हळूच विचारले, "तुझ्या धाकट्याला लोगोपेडी कशी मिळाली गं?" तिचा मुलगा चार वर्षांचा आहे आणि फारसा बोलत नाही. प्रसादाच्या रांगेत उभे राहून सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती. शिवाय असे हळू आवाजात विचारणारे आपल्यात आणखीही असतील, म्हणून हा लेख.

लोगोपेडी म्हणजे वाचा व भाषेचा उपचार. आमचा धाकटा डच शाळेत जाऊ लागला तेव्हा दोन शब्दांपलीकडे त्याची गाडी जात नसे. शाळेतून सल्ला मिळाला, "घरी मराठी बंद करा, डच बोला." आमचे डच म्हणजे बेकरीत पाव मागण्यापुरते! तरी महिनाभर प्रयत्न केला. मूल आणखी गप्प झाले आणि रविवारी नाशिकच्या आजीचा फोन आला की कोपऱ्यात जाऊन बसू लागले.

तो सल्ला चुकीचा होता. नवी भाषा शिकायला वेळ लागणे निराळे आणि मुळात भाषा शिकण्यातच अडचण असणे निराळे. या दुसऱ्या प्रकाराला इथे 'टीओएस' म्हणतात. शंभरांतील साधारण ५ ते ७ मुलांत तो आढळतो. घरात दोन भाषा असल्यामुळे तो होत नाही, आणि मूल मंद आहे असाही त्याचा अर्थ नाही. त्याची मुख्य खूण अशी, की अडचण मुलाच्या सर्व भाषांत दिसते. मराठी वयाप्रमाणे ठीक आणि फक्त डच कच्चे असेल, तर बहुधा वेळ आणि सराव पुरतो. दोन्ही अडखळत असतील, तर तपासणी हवीच.

पैशाचा प्रश्नही इथेच सुटतो किंवा अडतो. मूलभूत आरोग्य विम्यात लोगोपेडीचा समावेश आहे आणि १८ वर्षांखालील मुलांना 'एखन रिसिको' लागू नाही. पण घरची भाषा वेगळी म्हणून डच कच्चे राहिले, एवढ्याच कारणासाठी विमा पैसे देत नाही. थोडक्यात, मूल मराठी कसे बोलते यावर बरेच अवलंबून असते. आणि ते सांगणार कोण? आमच्या लोगोपेडिस्ट बाईंनी प्रथम विचारले, "हिंदुस्तानी का?" हेगमध्ये सुरिनामहून आलेला हिंदुस्तानी समाज मोठा आहे, त्यांची सरनामी तीच आमची भाषा असावी, असा बाईंचा समज झाला. तेव्हा ध्यानात आले की साक्ष आम्हालाच द्यावी लागणार.

मी एक वही केली. तारीख, तो काय म्हणाला आणि त्याला काय म्हणायचे होते, असे तीन रकाने. "आई पाणी." "बाबा गाडी." 'मला' नाही, 'दे' नाही. थोरली याच वयात चिऊ-काऊची अख्खी गोष्ट सांगत असे, तेही लिहिले. शेजारी सोप्या डचमध्ये अर्थ दिला. ती वही पाहून बाईंचा सूर बदलला. लोगोपेडिस्टकडे थेट जाता येते, मात्र काही विमा कंपन्या डॉक्टरांची चिठ्ठी मागतात. आधी फोन करून विचारावे. पुढे हाउसआर्ट्सच्या चिठ्ठीवर ऑडिओलॉजी केंद्रात कान आणि भाषा दोन्हींची तपासणी झाली आणि निदान हाती आले.

आता शाळेकडे वळू. पूर्वी, २००३ पासून, मदतीचा निधी मुलाच्या नावे मिळे. लोक त्याला 'पाठपिशवी' म्हणत. १ ऑगस्ट २०१४ पासून 'पासेंद ओंडरवाइस' कायदा आला. आता निधी शाळांच्या विभागीय संघाकडे जातो. हेग, लाइडस्खेंडाम-फोरबुर्ख आणि राइसवाइकच्या प्राथमिक शाळांसाठी तो संघ म्हणजे एसपीपीओएच. शाळेला नुसते "आम्हाला जमणार नाही" म्हणता येत नाही. तिने स्वतः मदत द्यायची किंवा योग्य जागा शोधायची. प्रवेशाच्या निर्णयाला सहा आठवडे, फार तर आणखी चार. भाषेच्या आणि श्रवणाच्या अडचणींची व्यवस्था मात्र या संघाबाहेर, ऑरिस व केंतालिससारख्या संस्थांकडे आहे. त्यांचे शिक्षक नेहमीच्या शाळेत येऊनही मदत करतात. सरकारी अनुदान न घेणाऱ्या खासगी शाळांना हे बंधन नाही, हे इंग्रजी शाळा निवडताना लक्षात ठेवावे.

जादा मदत मिळणाऱ्या मुलासाठी शाळा 'ओपीपी' नावाचा आराखडा करते. त्यात प्रत्यक्ष मदतीचा जो भाग असतो, त्याला २०१७ पासून पालकांची संमती लागते. आपल्याला सवय "बाई म्हणतील तसे" मान डोलावण्याची. मीही पहिल्या बैठकीत तेच करणार होते. पण कागदावर "जादा लक्ष दिले जाईल" एवढेच लिहिलेले पाहून विचारले: कोण देणार, आठवड्यातून किती वेळ, वर्गात की बाहेर? उत्तरे लिहून आल्यावरच सही केली. कोणी रागावले नाही! मतभेद झालेच, तर 'ओंडरवाइसकॉन्सुलेंट' म्हणून स्वतंत्र सल्लागार विनामूल्य मिळतात, आणि त्याही पुढे राष्ट्रीय तक्रार समिती आहे.

आणि घरी? घरी मराठी पुन्हा सुरू केली. बाईंनीच बजावले, "ज्या भाषेत तुम्ही भरभरून बोलता, तीच बोला." गेल्या महिन्यात धाकट्याने आजीला फोनवर सांगितले, "आजी, मी आज ट्राममध्ये पडला आणि रडला नाही." व्याकरणाचे आजी बघून घेईल. माझी वही अजून घरी आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी खुशाल यावे, आणि हळू आवाजात विचारायचे कारण नाही.