पाहुणा निजणार कुठे?

आमच्या भागात कोणी घर बांधावयास काढले की गावातील वडीलधारी मंडळी पहिला प्रश्न विचारतात, “पंगत किती बसन?” खोल्यांची संख्या, फरशीचा रंग, दारांचे सागवान ह्या गोष्टी मागाहून. मोहगाव हे सौंसर तालुक्यातील गाव. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर हे तालुके मिळून पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला. राज्य बदलले, जिल्हा बदलला, सोयरीक मात्र होती तिथेच राहिली. आमच्या मुली नागपूर, काटोल, नरखेडकडे दिलेल्या आणि सुना तिकडूनच आणलेल्या. साहजिकच महाशिवरात्रीला गावच्या अर्धनारीश्वराच्या दर्शनास, पोळ्याला, पांढुर्ण्याच्या गोटमारीच्या दिवसांत किंवा जामसावळीच्या मारुतीला जाता-येता घरी माणूस उतरल्यावाचून राहत नाही.

अशा गावी वडिलोपार्जित घराच्या वाटणीत आमच्या वाट्यास जी जागा आली, तिच्यावर नवे घर बांधण्याचे आम्ही ठरविले. नोकरीनिमित्त आमचे सारे आयुष्य बाहेरगावी गेले होते. निवृत्तीनंतर गावी राहावे, चार माणसांचे येणे-जाणे असावे, एवढीच इच्छा होती. शहरातील एका परिचित अभियंत्याकडून नकाशा काढून घेतला. नकाशा देखणा होता. दर्शनी भागात मोठा दिवाणखाना, त्यात दोन सोफ्यांची मांडणी, पलीकडे जेवणाचे मेज, मागे तीन शयनगृहे आणि प्रत्येकास जोडून स्नानगृह. पाहुण्यांसाठी घर हवे असे आम्ही सांगितले होते आणि आमच्या समजुतीप्रमाणे तसेच ते झाले होते.

तो कागद आम्ही मोठ्या हौसेने आत्याबाईंपुढे पसरला. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे दुखरे, पण दरवर्षी पोळ्याला माहेरी येण्याचा नेम त्यांनी सोडला नव्हता. त्यांनी एकेक खोली कोणाची ते विचारून घेतले. एक आमची, एक मुलाची, एक नातवंडांची. मग त्या म्हणाल्या, “सारं बरं हाय रे बापू, पण मी आली त निजू कुठी?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. सोफ्यावर बसविता येईल असा पाहुणा आम्ही मनात धरला होता. तो संध्याकाळी येतो, चहा घेतो, घराची तारीफ करतो आणि निघून जातो. आत्याबाई आठ दिवसांसाठी येत. त्यांच्याबरोबर एखादी नात असे, पापडांचा डबा असे, औषधांची पिशवी असे. अशा माणसाला त्या देखण्या नकाशात कोठेच जागा नव्हती.

पाहुण्यांसाठी घर बांधणे ही काही आजची कल्पना नव्हे. महाराष्ट्राबाहेरील मराठी घराण्यांनी तर ती पराकोटीस नेली. ग्वाल्हेरीस जयाजीराव शिंदे यांनी १८७४ साली जयविलास महाल उभारला. मायकेल फिलोज हे त्याचे रचनाकार. १८७६ साली इंग्लंडच्या युवराजांचे तेथे आगमन झाले. दरबार दालनातील दोन झुंबरांपैकी प्रत्येकाचे वजन सुमारे साडेतीन टन आहे. ती टांगण्यापूर्वी छत भार पेलते की नाही हे पाहण्यासाठी वर हत्ती चढविले होते, असे सांगतात. भोजनाच्या मेजावरून पाहुण्यांपुढे फिरणारी चांदीची आगगाडी तर आमच्या वाचकांपैकी अनेकांनी तेथील संग्रहालयात पाहिलीच असेल. मात्र हे आतिथ्य यजमानाचे वैभव दाखविण्यासाठी होते.

दुसरे उदाहरण आमच्या घरापासून फार दूर नाही. वर्ध्याची जमनालाल बजाज यांची बजाजवाडी म्हणजे स्वातंत्र्यलढ्यातील पुढाऱ्यांचे हक्काचे अतिथिगृह होते. तेथून जवळच सेवाग्रामला १९३६ साली गांधीजींसाठी पहिली कुटी उभी राहिली, ती आदि निवास. परिसरातच मिळेल तेवढे सामान वापरावे, गावच्या कारागिरांनी बांधावे आणि खर्च शंभर रुपयांच्या आत राखावा, अशी अट होती. त्या एका खोलीत गांधीजी, कस्तुरबा, सहकारी आणि येणारे पाहुणे अशी सर्व मंडळी सामावून जात. ग्वाल्हेरच्या झुंबरांशी आम्हांस कर्तव्य नव्हते आणि सेवाग्रामचा संयमही आमच्या अंगी नाही. पण पाहुणा कोण आणि तो किती काळ राहणार, हे आधी ठरवावे आणि मग भिंती आखाव्या, एवढा धडा आम्ही घेतला.

मग आम्ही एक यादी केली. वर्षभरात कोण कोण येतात, केव्हा येतात, किती दिवस राहतात आणि त्यांना काय लागते. ही यादी करताना आमचे जुने घर पुन्हा डोळ्यांपुढे उभे राहिले. पुढे आंगण, मग सपरी, तिच्यात बंगई, आत माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि मागे परसात विहीर व न्हाणी. कोणतीही एक खोली पाहुण्यांची म्हणून नव्हती. अनोळखी माणूस आंगणातच थांबे, गावचा माणूस सपरीत टेके, सोयरा माजघरात येई आणि लेक थेट चुलीपर्यंत जाई. उंबरठे ओलांडता ओलांडता ओळख वाढत जाई आणि घरातील बायकांना आपले काम टाकून उठावे लागत नसे. दिवाणखान्याच्या एकाच दारात ही सारी पायरी-पायरीची व्यवस्था नाहीशी होते.

म्हणून नव्या नकाशात दिवाणखाना कमी केला आणि सपरी वाढविली. ती बावीस फूट लांब आणि बारा फूट रुंद घेतली. ह्या मापांमागे हिशेब आहे. पंगतीत एका माणसास दोन फूट रुंदी लागते. पाट आणि ताट मिळून साधारण चार फूट खोली धरावी. समोरासमोर दोन पंगती मांडल्या तर मध्ये वाढप्याला चार फुटांची वाट उरते आणि दहा-दहा मिळून वीस माणसे एका वेळी सुखाने जेवतात. रात्री त्याच जागेत तीन फूट रुंदीची सात अंथरुणे एका ओळीत पडतात आणि पायथ्याशी सहा फुटांची वाट मोकळी राहते. जेवणाच्या मेजाभोवती इतक्याच जागेत आठ-दहा खुर्च्या अडतात आणि रात्री त्यांचा काही उपयोग नाही.

अंथरुणांचा प्रश्न वेगळा. गाद्या, रजया, सतरंज्या ठेवण्यास कोरडी जागा नसेल, तर पाहुणा येण्याच्या आदल्या दिवशी घरात रुसवेफुगवे होतात, हा अनुभव घरोघरचा आहे. माजघराच्या भिंतीत दोन फूट खोलीचे कपाट घेतले आणि तळाशी जमिनीपासून सहा इंच उंचीचा ओटा ठेवला, म्हणजे पावसाळ्यात ओल चढत नाही.

उन्हाचा विचार त्याहून महत्त्वाचा. आमच्याकडे वैशाखात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि लग्ने नेमकी तेव्हाच असतात. जुन्या घराच्या दीड हात जाड मातीच्या भिंती दिवसभर ऊन अडवून धरीत. त्यांच्यावर लाकडी माळा आणि वर कवेलू. सिमेंटचे सपाट छत दिवसभर तापते आणि रात्री पाहुणे झोपले की तीच धग खाली सोडते. आम्ही छत सिमेंटचेच घेतले, कारण कवेलू फेरणारे कारागीर आता दरवर्षी मिळत नाहीत. मात्र छतावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा थर दिला, पश्चिमेच्या भिंतीला खिडकी ठेवली नाही आणि तिकडे कोठी व जिना घेतला, म्हणजे निजण्याच्या जागेवर ऊन थेट येत नाही. सपरी उत्तरेस तोंड करून आहे. घराच्या मध्यभागी दहा फूट लांब-रुंद चौक उघडा ठेवला. दिवसा तापलेली हवा तेथून वर जाते आणि पहाटे गार हवा खाली उतरून माजघरात शिरते.

न्हाणीघराविषयी थोडे अधिक लिहावयास हवे, कारण पाहुण्यांची खरी कुचंबणा तेथेच होते. प्रत्येक शयनगृहास जोडून स्नानगृह असले की पाहुण्यास दुसऱ्याच्या खोलीतून जावे लागते. पहाटे पाचला उठणारी वृद्ध आत्या झोपलेल्या सुनेच्या खोलीतून कशी जाणार? ती संकोचाने थांबून राहते आणि दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून परत निघते. आम्ही दोन खोल्यांची जोड-स्नानगृहे काढून टाकली आणि चौकाच्या कडेस, सपरीतून थेट जाता येईल असे, एक शौचालय व एक न्हाणीघर निरनिराळे बांधले. शौचालयात खुर्चीसारखे बसण्याचे भांडे, भिंतीला धरावयास आडवी नळी, दारास उंबरठा नाही आणि रात्रभर जळणारा लहानसा दिवा. घराच्या पायऱ्यांची उंची सहा इंच आणि रुंदी बारा इंच ठेवली. आमच्या मनात त्या वेळी आत्याबाईंचे गुडघे होते. आता आमचेही गुडघे त्याच पायऱ्यांना दुवा देतात.

स्वयंपाकघर आटोपशीर केले, पण परसात पत्र्याखाली दोन मोठ्या चुलींची जागा राखली. रोडगे आणि वांग्याची भाजी गॅसच्या शेगडीवर होत नाही, आणि झाली तरी चार बायका गप्पा मारीत तिच्याभोवती बसू शकत नाहीत.

वास्तुशांतीला आत्याबाई आल्या. सपरीतून माजघरात, तेथून चौकात आणि न्हाणीघरात काठी टेकीत एकट्या फिरून आल्या. मग सपरीच्या पूर्वेकडील कोपऱ्यात त्यांनी आपली बाज टाकावयास सांगितली. येणारा-जाणारा दिसतो आणि चुलीवरचे बोलणेही ऐकू येते, हे त्यांचे कारण. त्या अकरा दिवस राहिल्या. पुढच्या पोळ्याला त्या नव्हत्या.

आमच्या वाचकांपैकी अनेकांची गावाकडे एखादी जागा असेल आणि तिच्यावर घर बांधण्याचा विचारही मनात घोळत असेल. अभियंत्याकडे जाण्यापूर्वी त्यांनी एक कोरा कागद घ्यावा आणि आपल्याकडे येणाऱ्या माणसांची नावे लिहावीत. प्रत्येक नावापुढे तो माणूस कोठे बसेल, कोठे जेवेल, कोठे निजेल आणि पहाटे उठून कोणत्या वाटेने जाईल, हे लिहावे. ज्या नावापुढील रकाना कोरा राहील, तो माणूस हळूहळू यावयाचा थांबेल. आम्ही हे विचारांती शोधून काढले असे नाही, आम्हांस ते सांगावे लागले.

पूर्वेकडील कोपऱ्यातील बाज आम्ही हलविलेली नाही. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाच्या गर्दीत तिच्यावर काटोलकडच्या एक वृद्ध विहीणबाई निजल्या होत्या. सकाळी चहा घेताना त्या म्हणाल्या, “इथं बरी झोप लागली बाप्पा.”