मटकी मटकावा! मुलांसोबत कडधान्यांच्या आठ गमती

कडधान्यं मुलांच्या ताटात वाढण्याआधी त्यांच्या हातात द्या. सोलू द्या, भिजवू द्या, मोड आणू द्या. छत्रपती संभाजीनगरच्या पोरांना तर ही मजा घरात, बाजारात आणि शिवारात, तिन्हीकडे मिळते.

१. तुरीचं संशोधन शेजारीच
जालना रोडनं निघालं की बदनापूर लागतं. तिथल्या कृषी संशोधन केंद्रानं तुरीचे नवनवे वाण दिले. ‘बीडीएन ७११’चा दाणा पांढरा, ‘बीडीएन ७१६’चा लाल, डाळ मात्र दोन्हींची पिवळीच! हिवाळ्यात तुरीच्या ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून मुलांपुढे ठेवा. टोपलं रिकामं व्हायला वेळ लागत नाही.

२. मुळांवर गुलाबी गुपित
शेतात गेलात तर हरभऱ्याचं एक रोप मुळासकट अलगद काढून दाखवा. मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन पिकाला मिळवून देतात. गाठ नखानं फोडा. आत गुलाबी रंग दिसला, की जिवाणूंचं काम जोरात चालू आहे!

३. फूल वर, शेंग खाली
भुईमुगाचं पिवळं फूल जमिनीवर उमलतं. मग आऱ्या सुटतात, मातीत शिरतात आणि शेंगा तिथेच भरतात. आणखी एक धक्का: आपली आंबट चिंचही याच शेंगवर्गीय कुळातली.

४. पाकात बुडालेले उडीद
‘मला डाळ नको’ म्हणणाऱ्याला गुलमंडीवर न्या आणि गरम इमरती खाऊ घाला. मग सांगा, ही उडदाच्या डाळीची आहे. भिजवायची, वाटायची, फेसायची, तळायची आणि पाकात सोडायची!

५. डाळ का शिजत नाही?
बोअरच्या जड पाण्यात डाळ हटून बसते. त्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दाण्यातल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं. करून बघा: दोन पातेली, सारखीच तूरडाळ, एकात बोअरचं पाणी, दुसऱ्यात आरओ फिल्टरचं. कोणती आधी शिजते, यावर घरात पैज लावा.

६. पोटात गुडगुड कशाची?
कडधान्यांतल्या काही साखरा आपल्याला पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि गॅस तयार होतो. भिजवलेलं पाणी ओतून देऊन ताज्या पाण्यात शिजवलं, की त्रास कमी होतो.

७. सोनाराची बी
लाल गुंजेवर काळा ठिपका असतो. सोनं तोलायच्या जुन्या मापात ८ गुंजांचा १ मासा आणि १२ माशांचा १ तोळा. म्हणजे तोळ्याला किती गुंजा? ९६! पण गुंज शेंगवर्गातली असली तरी अत्यंत विषारी आहे. हिशोब तोंडीच करा, ती मुलांच्या हाती देऊ नका. राजमाही अर्धाकच्चा राहिला तर पोट बिघडवतो. तो रात्रभर भिजवून, पाणी बदलून, खळखळ उकळून पूर्ण मऊ शिजवा. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे फुटाणे आणि शेंगदाणेही नकोत, घशात अडकतात.

८. शिवारातली भज्जी
लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला अख्खं घर शेतात जेवायला जातं. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे आणि बेसन घालून केलेली भज्जी, सोबत भाकरी आणि अंबील. तिकडे कुणी पाहुणा असेल तर आमंत्रण मागूनच घ्या. दाणे सोलायला पोरांचीच गरज असते!

हिवाळ्यापर्यंत थांबायचं नसेल, तर आज रात्री मुलांना मूठभर मटकी भिजत घालू द्या. सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधा. मोड किती वाढले, हे पट्टीनं मोजायचं काम त्यांचं, फोडणीचं तुमचं. आपल्या हातानं मोड आणलेली उसळ खायला फारसा आग्रह करावा लागत नाही.